गोगलगायींचा डेक

कवळ्या बनवणाऱ्या बाईने गोगलगायींचा डेक बांधावा यात तसं नवल काही नाही. सावकाश चालायचं, कवच घट्ट मिटून बसायचं आणि समोरचा दमला की हळूच पुढे सरकायचं, हे तिच्या स्वभावाला अगदी चपखल बसत होतं. आता डेक म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आणि एकदाच सांगते. हा पत्त्यांचाच खेळ, फक्त यात प्रत्येकाने आपला साठ कार्डांचा जोड स्वतः निवडून बांधायचा. कुणी साप घेतं, कुणी मासे. त्या जोडाला म्हणायचं डेक. दोघांनी समोरासमोर बसून आपापले प्राणी मांडायचे, प्रत्येकाला वीस जीव, ज्याचे आधी संपले तो हरला. बाकीचे नियम मला विचारू नका, त्यांचं पुस्तकच चाळीस पानांचं आहे.

तिला हा नाद लावला धाकट्या भावाने. हा लिफ्ट दुरुस्त करतो, घरातलं नाव टिल्लू आणि उंची सहा फूट. सहा वर्षांपूर्वी ताईचा नवरा एका सोमवारी बॅग भरून निघून गेला तो गेलाच. तेव्हापासून दर रविवारी दुपारी टिल्लू तिच्याकडे येऊन बसायला लागला. पण नुसतं बसून करणार काय? मनातलं बोलायच्या बाबतीत दोघंही ठणठणगोपाळ. तिसऱ्या का चौथ्या रविवारी तो कार्डांचे दोन खोके घेऊन आला. त्याने पक्षी घेतले, तिने गोगलगायी. पक्षी गोगलगायींच्या डोक्यावरून खुशाल उडून जायचे, आणि पहिले चार महिने ताई सपाटून हरली.

मग ती इरेला पेटली. दातांच्या लॅबमध्ये तिची कामाची पद्धत ठरलेली होती. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये निळा कागद धरायचा, साचा मिटायचा, जिथे ठसा गडद उमटेल तिथे केसभर घासायचं. पुन्हा कागद, पुन्हा घासणं. घाई करणाऱ्यांचा तिला मनापासून तिटकारा. तीच पद्धत तिने डेकला लावली. दर रविवारी टिल्लू गेला की ती वही उघडून लिहायची, कुठलं कार्ड हातात नुसतंच बसून राहिलं, कुठल्या पक्ष्याने कितीला मारलं. निकामी कार्ड बाहेर, त्याच्या जागी नवं. असं करत करत डेकमध्ये जाळं आलं, उडणाऱ्या प्राण्याला खाली ओढणारं. मग दुसरं जाळं आलं. मग काटेरी कुंपण, मग पंख भिजवणारं धुकं. तिसऱ्या वर्षी ती बरोबरीत आली, आणि शेवटची दोन वर्षं तर टिल्लू एकदाही जिंकला नाही.

मग त्याला दुसऱ्या गावी काम मिळालं, बसने चार तासांवर. जायच्या आधीच्या रविवारी तो नेहमीसारखा हरला, आपले पक्षी गोळा करून खोक्यात ठेवले आणि म्हणाला, "ताई, तू खेळत नाहीस. तू फक्त मला हरवतेस. आता जरा दुसऱ्या माणसांतही जा."

ताईने कपबशा उचलल्या आणि मोरीत नेऊन ठेवल्या. पण ते वाक्य तिच्या जिव्हारी लागलं. दोन महिने तिने त्याचा फोन उचलला नाही. 'कामात आहे' एवढाच निरोप पाठवायची. तो मजेत असेल, सुटला असेल एकदाचा, असं स्वतःलाच सांगून ती कुढत बसायची, आणि रविवारची दुपार तिला खायला उठायची. सख्खा भाऊ आपल्याला कंटाळून गेला, ही एकच गोष्ट तिच्या डोक्यात घर करून बसली होती. त्याच्यावाचून आपलं काही अडत नाही हे तिला दाखवून द्यायचं होतं. खरं सांगायचं तर सगळंच अडलं होतं.

म्हणून तिने ठरवलं की खेळांच्या दुकानात दर शनिवारी सकाळी स्पर्धा असते, ती जिंकायची. विजेत्याचं नाव तिथे फळ्यावर लिहितात. त्याचा फोटो काढायचा आणि एक शब्दही न लिहिता टिल्लूला पाठवून द्यायचा.

दुकानाच्या मागच्या भागात चार टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि डोक्यावर कुरकुरणारा पंखा. तिच्यासमोर पहिल्या फेरीत एक निवृत्त पोस्टमन आले, सरडे घेऊन. ताईच्या हातात एकामागून एक जाळी येत गेली. जाळं टाकायचं कुणावर? सरडे काही उडत नाहीत. सातव्या पाळीला सरड्यांनी तिचा फडशा पाडला. नंतर एका नर्सच्या मुंग्यांनी तेच केलं, नंतर कुणाच्या तरी अस्वलांनी. पाच डाव, पाचही हरली. फळ्यावर नाव सोडाच, ती यादीत सगळ्यांत खाली होती.

पोस्टमन मोकळे बसले होते. त्यांनी विचारलं, "बघू का तुमचा डेक?" आणि चष्मा कपाळावर सरकवून एकेक कार्ड सावकाश पाहिलं. काही कार्डं त्यांनी बाजूला काढली आणि मोजली. तेरा भरली.

"बांधलाय सुरेख," ते म्हणाले. "पण ही तेराच्या तेरा फक्त उडणाऱ्यांवर चालतात. तुमच्या घरी पक्षी कोण खेळतं?"

"भाऊ," ती म्हणाली.

"मग हा डेक त्याच्या मापाचा आहे, बाई."

ताईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एका तोंडाची कवळी दुसऱ्याला बसत नाही, हे ती वीस वर्षं गिऱ्हाइकांना समजावून सांगत आली होती. आणि स्वतः सहा वर्षं एकाच तोंडाचं माप घेत, केसभर घासत बसली होती. म्हणजे टिल्लू म्हणाला ते खरंच होतं. ते तिला फार झोंबलं.

ती कार्डं गोळा करत होती तेवढ्यात दुकानदार जवळ आला. "त्या उंच लिफ्टवाल्याच्या बहीण ना तुम्ही? चेहरा सारखा आहे. गेला तो, बरं झालं हो. चार वर्षं दर गुरुवारी त्याच्या खेकड्यांनी इथे कुणाला डोकं वर काढू दिलं नाही."

"खेकडे?" ताई म्हणाली. "त्याच्याकडे पक्षी आहेत."

"पक्षी?" दुकानदार हसला. "पक्षी मी तरी त्याच्या हातात कधी पाहिले नाहीत."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. चार वर्षं आपल्याला खेळवलं, लहान पोराला मुद्दाम जिंकू देतात तसं. ती दुकानाबाहेर आली आणि भर फुटपाथवर उभी राहून दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याला फोन लावला.

"खेकडे कुठले रे?" हॅलो नाही की काही नाही.

पलीकडून मग टिल्लू म्हणाला, "दुकानात गेली होतीस?"

"माझ्याशी मुद्दाम हरायचास ना?"

"नाही. शपथ. पक्षी घेऊन मी जिवापाड खेळायचो. फक्त पक्षी बदलले नाहीत. तू दर आठवड्याला तुझा डेक घासायचीस, मी सहा वर्षांत एक कार्ड हलवलं नाही."

"का पण?"

ही असली बोलणी त्यांच्या घरात कुणी कधी केली नव्हती. "त्या पहिल्या वर्षी तू धड जेवत नव्हतीस. लॅबमध्ये जायचीस, यायचीस, भिंतीकडे बघत बसायचीस. मग एका रविवारी मी आलो तर तू दारातच म्हणालीस, तुझ्या घारीचा बंदोबस्त केलाय मी. ताई, आठवडाभर तू त्या घारीचा विचार करत होतीस. निदान दुसरा तरी विचार करत नव्हतीस. मी घार काढून टाकली असती तर तुला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती. म्हणून ठेवली तशीच."

"आणि नंतर? नंतर मी बरी झाले होते की."

"नंतर सांगायचा धीर झाला नाही. तू इतक्या मेहनतीने जिंकायला लागली होतीस. मला कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. तेच पक्षी, तीच जाळी. पण रविवार चुकवावासा नाही वाटला कधी."

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. येणारे जाणारे बघत होते, बघू देत. कंटाळूनही जो सहा वर्षं येत राहिला, त्याचा फोन आपण दोन महिने उचलला नाही, याची तिला मनस्वी लाज वाटली. तिला तसं सांगायचं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "उद्या पहिल्या बसने येते. खेकडे काढून ठेव."

घरी येऊन तिने ती तेरा कार्डं बाहेर काढली. त्यांच्या जागी काय घालावं हे तिला कळेना. खेकड्यांचं माप तिच्याकडे नव्हतं, वहीत एक ओळ नव्हती. शेवटी तिने खोक्यातली तिला स्वतःला आवडणारी तेरा कार्डं घेतली, त्यातली दोन तर केवळ चित्र छान होतं म्हणून.

टिल्लूच्या भाड्याच्या खोलीत टेबल नव्हतं. त्याने हत्यारांची पेटी मध्ये ठेवली आणि दोघं जमिनीवर बसली. पहिला डाव ताई अकरा मिनिटांत हरली. दुसरा त्याहून लवकर. खेकडे आडवे यायचे, कवचाला नांगी लावायचे आणि सोडायचेच नाहीत. तिने मधूनच वर पाहिलं. टिल्लू खालचा ओठ दातांत धरून बसला होता, कपाळाला आठ्या, डोळे तिच्या मांडलेल्या कार्डांवरून भराभर फिरत होते. त्याचा हा चेहरा तिने सहा वर्षांत एकदाही पाहिला नव्हता. सहा वर्षं दर रविवारी समोर बसून तिने आपल्या भावाला खेळताना पाहिलंच नव्हतं, आणि दुकानातल्या परक्या माणसांनी ते दर गुरुवारी पाहिलं होतं.

तिसऱ्या डावात तिच्या एका म्हाताऱ्या गोगलगायीने त्याचा एक खेकडा मारला. टिल्लूने ते कार्ड उचलून दोनदा वाचलं.

"हे कुठून आणलंस?"

"आवडलं म्हणून घातलं," ती म्हणाली.

तो डावही ती हरलीच. टिल्लूने कार्डं खाली ठेवली आणि तिच्याकडे जरा बिचकत पाहिलं. "राग आला?"

"आला," ताई म्हणाली, आणि आपला डेक पिसायला घेतला. "तू हात धुऊन ये, घामाने चिकट झालेत. अजून बसला दोन तास आहेत."