थंड इंजिन

इंजिनात तेल ओतायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सायीसारखा पिवळट थर, तेलात पाणी शिरल्याची खूण, नव्हता... तिनं करंगळी फिरवून पाहिली, बोट नाकाशी नेलं, तेल नुसतं काळं होतं, डिझेल गाडीचं असतं तसं, जळकट वासाचं आणि जरा जास्तच पातळ; आणि मग आपण कशासाठी करंगळी वापरली हे तिच्या लक्षात आलं – प्रणव करंगळी वापरायचा. बाकीची बोटं कामाची, करंगळी तपासायची, म्हणायचा. झाकण परत बसवताना तिचा तळहात इंजिनाच्या कव्हरवर टेकला आणि ती थांबली.

कव्हर कोमट होतं.

"ही तुम्ही सकाळी सुरू केली होतीत?" तिनं विचारलं.

कॉलिन – सत्तरीचा, उंच, कोपरांना विरलेला कार्डिगन घातलेला, जाहिरातीखाली ज्याचा नंबर होता तो – शाळेतल्या पोरासारखा लाल झाला. "थंडीत जरा त्रास देते ती," तो म्हणाला. "म्हटलं, तुम्ही लेस्टरहून दोन बस बदलून येणार. तुमच्यासमोर लाज नको जायला."

वापरलेली डिझेल व्हॅन बघायला जाशील तेव्हा बॉनेट गरम लागलं तर तिथूनच मागे फिरायचं. पहिल्या व्हॅनच्या वेळी प्रणवनं तिला हे इतक्यांदा सांगितलं होतं की ती कंटाळली होती. गरम इंजिन सगळं लपवतं, मंजू. खरं काय ते गार इंजिन बोलतं. मंजिरीनं पर्स खांद्यावर नीट केली. परतीची बस तासाला एक. गेल्या तीन महिन्यांत पाहिलेली ही सातवी व्हॅन, आणि मागे व्हीलचेअर चढवायची लिफ्ट असलेली, त्यांना परवडेल अशी दुसरीच.

"थांबा की," कॉलिन म्हणाला. "दोन तास थांबा, गार होऊ दे. मग तुम्ही स्वतः चावी फिरवा. मी चहा करतो, डक." या भागातली माणसं अनोळखी बाईलाही असं डक म्हणतात, वीस वर्षांत तिला त्याची सवय झाली होती, आणि तरी आज तो शब्द उगाचच कुठेतरी लागला.

ती थांबली.

स्वयंपाकघर स्वच्छ होतं, एका माणसाचं असतं तसं स्वच्छ. एक कप उपडा, एक ताटली उभी. कॉलिन बोलत राहिला – बायको जोन, तिचा स्नायूंचा आजार, ही व्हॅन घेतली ते वर्ष, दर उन्हाळ्यात स्केगनेसचा समुद्र, जोनला लिफ्टनं वर घेताना ती राणीसारखा हात हलवायची ते. जानेवारीत गेली. त्यानंतर गाडी नुसती दारात उभी. "आता मी दुकानापर्यंत आणि परत एवढीच चालवतो. डिझेलला ते मानवत नाही, माहीत आहे मला. धुराची जाळी चोंदते. पण नाही चालवली तर वाटतं..." त्यानं किटलीत पाणी भरलं. "तुमच्या मिस्टरांना काय झालं?"

"स्ट्रोक. चौदा महिने झाले."

"कुठे?"

"घरीच," ती म्हणाली.

ती नेहमी एवढंच सांगते. घरीच. खोटं नाही त्यात काही. घराच्या दारातच होता तो, दारातल्या फरशीवर, व्हॅनखाली. ती पहिली व्हॅन तिच्याच घाईनं घेतलेली. त्याला अजून बघायच्या होत्या, सर्व्हिसची सगळी कागदपत्रं असलेली हवी होती. या इंजिनात टायमिंग बेल्ट तेलात बुडालेला असतो गं, तो झिजला की त्याचा भुगा तेलाच्या गाळणीत जाऊन बसतो आणि मग इंजिनाला तेलच पोचत नाही, आतल्या आत संपतं ते, बाहेरून कळतही नाही. आणि ती म्हणाली होती, किती बघत बसशील, प्रणव? असं करत आपण म्हातारे होऊ. स्कॉटलंडला जायचं होतं, मागे गादी टाकून, लहान मुलांसारखं. त्यानं घेतली. पाच महिन्यांत तेलाचा लाल दिवा लागला. तो चिडला नाही, तुझ्यामुळे म्हणाला नाही, म्हणाला, मी करतो गं दुरुस्त. जनरेटरच्या कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस, त्याला उलट आनंदच झाला होता की काय.

शुक्रवार होता. शुक्रवारी ती हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटचं काम घरून करायची, पुढच्या खोलीत, खिडकीशी. सव्वा अकराला तिनं त्याला चहा नेऊन दिला. गाडीचं तोंड घराकडे, पुढची चाकं रॅम्पवर चढवलेली, तो पाठीवर झोपून आत सरकला, खिडकीच्या बाजूला फक्त पाय. जुने तपकिरी बूट. अँब्युलन्सवाल्यांनी विचारलं, शेवटचं नीट कधी पाहिलंत? सव्वा अकरा, ती म्हणाली. सापडले कधी? साडेबाराला, जेवायला हाक मारली तेव्हा. त्यांनी लिहून घेतलं. डॉक्टरांनीही तेच लिहून घेतलं. पुढे सगळ्या कागदांवर तेच, जणू मधला सव्वा तास कोणाचाच नव्हता.

पण मी दोनदा पाहिलं होतं.

फोनवर एक म्हातारे गृहस्थ तारीख बदलून मागत होते, मी हेडफोन लावून उभी राहिले, पाठ आखडली होती म्हणून, आणि खिडकीतून पाहिलं – पावणेबाराच्या आसपास. त्याचा डावा बूट हलत होता. फरशीवर टाच आपटत होती, थांबून, परत. गाणं ऐकतोय, मला वाटलं. मी हसलेसुद्धा. मग परत पाहिलं ते बारा-सव्वाबाराला, तेव्हा बूट हलत नव्हता, आणि मला वाटलं, काम जमलं असेल... आणि मी बसले. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. विचारलं नाही कोणी. आधी आणलं असतं तर, असं एकही डॉक्टर म्हणाला नाही, सगळे इतके चांगले वागले; फक्त वॉर्डच्या भिंतीवरच्या पत्रकात लिहिलं होतं, प्रत्येक मिनिट मोलाचं.

"आणखी घ्या," कॉलिननं किटलीचं तोंड तिच्या कपाकडे वळवलं.

दोन तासांनी कव्हर गार लागलं. मंजिरी ड्रायव्हरच्या जागी बसली आणि तिनं घरी व्हिडिओ कॉल लावला. शेजारच्या स्वातीवहिनी प्रणवजवळ बसल्या होत्या. त्यांनी फोन त्याच्या चेअरच्या ट्रेवर उभा केला. त्याचा चेहरा आला, ओठांचा उजवा कोपरा खाली ओघळलेला, दाढी आज वहिनींच्या मुलानं केली असावी, नीट होती.

"प्रणव, ऐक हं. गार आहे इंजिन. ऐक आणि सांग."

"बरं," तो म्हणाला.

तो एवढंच म्हणतो. स्ट्रोकनंतर बाकी सगळे शब्द गेले, हा एक राहिला. भूक लागली, बरं. दुखतंय, बरं. नको, तेही बरं. स्पीच थेरपिस्ट म्हणाली होती की त्याला कळतं सगळं, बहुतेक सगळं. आणि त्या 'बहुतेक'मध्ये मंजिरी चौदा महिने राहत होती.

तिनं चावी फिरवली. इंजिन कण्हलं, थांबलं, परत कण्हलं, मग खडखडत उठलं, सगळी गाडी थरथरली, मागून निळसर धूर आला आणि पाचर मारल्यासारखा एक आवाज आत कुठेतरी टक्-टक् करत राहिला, कमी होत गेला, पण गेला नाही. तिनं फोन बॉनेटशी धरला. परत चेहऱ्यासमोर आणला. प्रणवनं डोळे मिटले होते. किती दिवसांनी तिनं त्याचा हा चेहरा पाहिला... ऐकणारा, कामावरचा. कपाळाला आठी, आणि त्या आठीत सगळा प्रणव शाबूत.

"काय? घ्यायची?"

"बरं," तो म्हणाला, आणि डावा हात उताणा करून खाली, जमिनीकडे दाखवला. परत दाखवला.

"खालून बघा म्हणतोय वाटतं," स्वातीवहिनी मागून म्हणाल्या.

कॉलिनकडे रॅम्प होते. ज्या हळुवारपणे जोनला चढवत असेल त्याच हळुवारपणे त्यानं पुढची चाकं वर घेतली, इंजिन बंद केलं, खाली पसरायला जुनी सतरंजी दिली. "मी शेवटच्या सर्व्हिसचं बिल शोधतो तोवर. बेल्ट बदललाय की नाही त्यात असेल," म्हणत तो आत गेला.

मंजिरी फोन हातात धरून पाठीवर झोपली आणि टाचांनी रेटत पुढून, घराच्या बाजूनं, आत सरकली. तेलाचा वास. इंजिनाच्या खालच्या टाकीच्या कडेला ओलसर रेघ, एक थेंब लोंबलेला. फोनचा कॅमेरा फिरवायचं ती विसरली. तिला थेंब दाखवायचा होता, पण पलीकडे प्रणवला दिसत होती ती – व्हॅनखाली पडलेली, केस विस्कटलेली, वर लोखंड.

त्याचा आवाज आला. बरं नव्हे. शब्द नव्हे काहीच. घशातून आलेला लांब आवाज, आणि त्याचा डावा हात स्क्रीनभर हलू लागला, तिच्याकडे, तिच्यापासून दूर, परत तिच्याकडे.

"अगं मंजिरी, रडतोय गं तो," स्वातीवहिनी घाबरून म्हणाल्या. "काय झालं? काय म्हणतोय?"

"काही नाही, प्रणव. मी आहे. मी ठीक आहे, बघ," ती म्हणाली आणि बाहेर येण्यासाठी तिनं मान उचलली, बाहेरची वाट दिसावी म्हणून आपल्या बुटांच्या पलीकडे पाहिलं.

समोर खिडकी होती.

पूर्ण. स्वयंपाकघराची खिडकी, चौकटीसकट, काचेसकट. आत कॉलिन हातात कागद घेऊन उभा, त्यानं चष्मा वर सारला, सहज बाहेर पाहिलं, तिच्या पायांकडे पाहिलं – त्याचा चेहरा तिला स्वच्छ दिसला, भुवयासुद्धा – आणि त्याला काही वेगळं वाटलं नाही. तो कागदांकडे वळला.

एवढं दिसतं इथून.

चौदा महिने ती फक्त खिडकीच्या आत उभी होती. कितीही वेळा ती दुपार आठवली तरी ती आतून आठवायची, काचेच्या आतून बूट, बूट, हलणारा बूट. या बाजूनं तिनं ती कधीच पाहिली नव्हती. म्हणजे ती उभी राहिली, हेडफोन लावलेली, तेव्हा त्यानं मान उचलली असेल तर... तिनं पाहिलं, हे त्याला दिसलं. ती हसली, ते दिसलं. त्यानं पुन्हा टाच आपटली असेल, जोरानं, जेवढ्या जोरानं जमेल तेवढ्या. आणि ती बसली.

कदाचित मान उचलली नसेलही. कदाचित शुद्धच नसेल. डॉक्टर म्हणाले होते की त्या वेळचं त्याला काही आठवत नसेल. 'नसेल' – हा शब्दही त्यांनी तिच्या भल्यासाठीच वापरला असणार.

ती बाहेर आली. कॉलिननं हात देऊन उठवलं, पाठीवरची धूळ झटकावी की नाही अशा संकोचात हात हवेतच राहिला त्याचा. "सहा वर्षांपूर्वी बदललाय बेल्ट," तो म्हणाला. "म्हणजे परत करावा लागेल लवकर. मी तुमच्यापासून लपवणार नाही. काय म्हणतात मिस्टर? घ्या की नको?"

"मला माहीत नाही," मंजिरी म्हणाली. आणि मग, त्याला काहीच संदर्भ नव्हता तरी, सावकाश, "मला वाटायचं मला कळतं ते काय म्हणतात."

तिनं उद्या फोन करते म्हणून सांगितलं. कॉलिन फाटकापर्यंत आला. बसथांब्यावर बाकडं होतं, ती बसली नाही. हवेत मार्चचा गारठा होता, समोरच्या शेतात मेंढ्या पाठ करून उभ्या होत्या. फोनवर स्वातीवहिनींचा निरोप आला होता, शांत झालाय, झोपलाय, काळजी करू नकोस. तिनं तो दोनदा वाचला.

आज घरी गेल्यावर त्याच्यासमोर स्टूल ओढून बसायचं, आणि सांगायचं – पावणेबारा, आणि मग बारा-सव्वाबारा. मराठीत, सरळ, त्याच्या डोळ्यांत बघून. तो काय म्हणेल ते तिला माहीत होतं, आणि त्यावरून काहीच कळणार नव्हतं. इतके दिवस तिला भीती होती ती त्याला कळेल याची. आता बसची वाट बघताना तिच्या छातीत जे हळूहळू थंड होत चाललं होतं ते भीतीसारखं नव्हतं. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असेल तर? रोज सकाळी ती त्याला भरवते, तो तिच्याकडे बघत घास घेतो, बघत राहतो... चौदा महिन्यांच्या त्या गप्प बसण्यातलं आजाराचं किती होतं, आणि त्यानं स्वतः, तिच्यासाठी, मुद्दाम धरून ठेवलेलं किती?