पट बयनाबाईचा

सुधाकररावाच्या तोंडाकडे बघून उद्धवला नुसती किळस येत होती. गालात पानाचा तोबरा, डोक्याला चपचपीत तेल, आणि आदिलाबादच्या विज्ञान प्रदर्शनात हा बाबा उद्धवचाच खेळ स्वतःचा म्हणून मांडून बसलेला! वर पाटी: ‘निर्माता: सुधाकरराव. नक्कल करण्यास सक्त मनाई.’ थू!

उद्धव सुधाकररावाच्याच कॉम्प्युटर क्लासात शिकवायचा. सत्त्याण्णवच्या दसऱ्यापासून होळीपर्यंत, क्लास सुटला की त्यानं तिथेच बसून सारीपाट लिहिला. तारेनं जोडलेले चार कॉम्प्युटर, चार गडी, पट एकच. युक्ती अशी की कॉम्प्युटर पट लक्षातच ठेवत नव्हता. जे घडलं तेवढं एका फायलीत ओळीनं लिहायचा: कवड्या पडल्या, सोंगटी चालली, सोंगटी मेली. खोडायचं काहीच नाही. मग चौघेही ती फाईल पहिल्या ओळीपासून वाचून आपापला पट मांडायचे. सगळ्यांसमोर तोच पट, भांडायला जागाच नाही.

गावी, नेरडीगोंड्याला, त्याची आई बयनाबाई पट उलगडायची ती पटाच्या मालकाचं नाव घेऊनच. नाव घेतल्याशिवाय कवडी टाकायची नाही, हा तिकडचा रिवाज. म्हणून आई गेल्यावर उद्धवनं फायलीची पहिली ओळ तीच ठेवली: पट मांडला, बयनाबाईचा. आईनं खेळ शिकवताना कधी कोणाला नाही म्हटलं नव्हतं. त्यानंही सांगून टाकलं होतं, कोणीही न्या, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या. फक्त आईचं नाव राहू द्या. सुधाकररावानं फ्लॉपीवर उतरवून नेला तो तसाच.

प्रदर्शन बघायला मोठे साहेब आले. सुधाकररावानं बटण दाबलं. चारही पडदे काळे ठिक्कर.

"उद्धव, अबे हे काऊन थांबून राह्यलं?" तो कानाशी कुजबुजला. पानाचा वास भपकन आला.

"फायलीत काही केलं काय तुमी?"

"काही नाही बापा. वर कोण्या बाईचं नाव होतं, तेवढी ओळ काढली. कायले ठेवायचं?"

उद्धवच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणे कॉम्प्युटर क्लास चालवतो! पहिली ओळच नाही तर पट मांडणार कुठून? उठून चालतं व्हावं असं वाटलं त्याला. पण आईचा पट असा चारचौघांत मेलेला त्याला बघवेना. त्यानं बसून ती ओळ पुन्हा लिहिली. चारही पडद्यांवर पट उलगडला, सोंगट्या भराभर आपल्या घरांत जाऊन बसल्या. वर इंग्रजी अक्षरांत नाव आलं, बयनाबाई, नेरडीगोंडा.

"ये बयनाबाई कौन?" साहेबांनी विचारलं.

"हमारी मौसी, साब! उन्हीं से तो सीखा," सुधाकरराव हात जोडून म्हणाला. टाळ्या पडल्या.

उद्धव ताडकन उठला. माणूस आहे का कोण? त्यानं पिशवीतून होत्या तेवढ्या फ्लॉप्या काढल्या आणि गर्दीपुढे धरल्या. "घ्या, फुकट हाय. नक्कल करा, बदला, वाटा. माह्या मायचं नाव तेवढं पुसू नका!"

सगळ्यांत आधी एक हात पुढे आला, पानानं रंगलेल्या बोटांचा.

"एक मलेबी दे ना," सुधाकरराव म्हणाला. "माह्यावाली बिघडली."

शिवी अगदी ओठावर आली होती. पण आईनं कधी कोणाला नाही म्हटलं नव्हतं. उद्धवनं फ्लॉपी दिली आणि हात पँटीला पुसला.