सभासद क्रमांक ११२

केराबाईंच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं, त्याला सहा वर्षं होऊन गेली होती. राहिलं म्हणजे विसरलं नव्हतं. प्रभुलिंग सरांनी अकरा वेळा लिहायला घेतलं आणि अकराही वेळा कागद फाडला.

पत्र लहानसंच होतं. 'सर, माझं पुस्तक निघून दहा वर्षं झाली. मधे सासूबाईंचं आजारपण, पोरांची शिक्षणं. आता वेळ आहे, पण वही उघडली की काहीच येत नाही. मी संपले का? तुमचं आयुष्य पुस्तकांत गेलंय. खरं काय ते कळवा.'

सर सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका वाचनालयात तीस वर्षं ग्रंथपाल होते. हजारो पुस्तकं हाताळली, पण स्वतः एक गोष्टही लिहिली नाही. लिहिणाऱ्या बाईला 'तुम्ही संपला नाहीत' असं सांगणारे आपण कोण? खोटा धीर दिला आणि पुढे काहीच झालं नाही तर? या विचारात पत्र टेबलाच्या खणातच राहिलं.

मार्चमधल्या एका सकाळी सर नेहमीसारखे वाचनालयात पेपर वाचत बसले होते. एक तरुणी सरळ समोर येऊन उभी राहिली.

"प्रभुलिंग सर तुमीच का? मी पिंकी. माळशिरसच्या केराबाईंची भाची."

सरांच्या हातातला पेपर खाली आला.

"आत्यानं लिवलेल्या समद्या वह्या काढून ठेवल्यात. रविवारी बंबात घालणार म्हणती. हितलं पुस्तकबी काढून टाकणार असतील तर घरी घिऊन ये म्हणाली."

"बंबात? का पण?"

"तुमी उत्तर दिलं न्हाय की! आत्या म्हणती, भला माणूस हाय, तोंडावर सांगवंना म्हणून गप बसला. काय कळायचं ते कळलं."

हल्लीचा ग्रंथपाल दिग्विजय काउंटरवरून ऐकत होता. त्यानं कपाटातून पुस्तक काढून पिंकीच्या हातात दिलं.

"पाच वर्षं कुणी नेलं नाही की पुस्तक बाद यादीत जातं. पण याचं एक गिऱ्हाईक पक्कं आहे. शेवटचं पान बघा."

तिथं तारखांची चिठ्ठी डकवलेली होती. दर मार्चमधली एक तारीख, आणि प्रत्येक तारखेपुढे एकच सभासद क्रमांक, ११२.

"ह्यो एकशेबारा कोण?"

"समोर बसलेत की," दिग्विजय हसला. "नियम पाच वर्षांचा, आणि सर दरवर्षी नेतात. इतका घाबरट माणूस मी बघितला नाही!"

"दरवर्षी वाचता व्हय?"

"वाचतो कधी. कधी नुसतं घरी नेऊन आणतो," सर कसेबसे म्हणाले. "बाद यादी माझ्याच हातून व्हायची. त्यात बायकांची पुस्तकं फार जायची. रजिस्टर चाळलं, तर कितीजणींच्या पहिल्या आणि दुसऱ्या पुस्तकाच्या मधे बारा-पंधरा वर्षं गेलेली. दुसरं येईपर्यंत पहिलं कपाटात नको का?"

"मग ह्येच लिवा की आत्याला! मला सांगून काय उपेग?"

दिग्विजयनं तारखांची चिठ्ठी अलगद सोडवून सरांपुढे ठेवली. "भरलीच होती, सर. नवी डकवतो."

सरांनी बाराव्यांदा कागद घेतला.

'केराबाई, उत्तराला सहा वर्षं लागली, चूक माझी. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ तुम्ही घेतलात तो नव्हता. मला फक्त धीर होत नव्हता. तुम्ही पुन्हा लिहाल की नाही, मला सांगता येणार नाही. पण न लिहिण्याची वर्षंही लिहिणाऱ्या बाईचीच असतात. ती संपवायची घाई करू नका. वह्या कोरड्या जागी ठेवा. पुस्तक जागेवर आहे. सोबतची चिठ्ठी पाहावी, त्यावरचा ११२ मीच.'

"द्या, मी शनवारी चाललेच हाय," पिंकीनं हात पुढे केला.

"नको. तुझ्याकडे दिलं तर संध्याकाळी परत मागायला येईन. पेटीत पडलं की सुटलो."

"बरं. आत्याला फोन करते मग. म्हणते, पत्र येस्तवर बंबात गोवऱ्या घाल."

तिघंही पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले. पाकीट फटीत अर्धं गेलं आणि सरांचा हात थांबला.

"टाका की आजोबा!" पिंकी म्हणाली.

सरांनी बोटं सोडली.