भिंतीकडची बाजू

"ऊठ, आणि बाहेर जा," ट्रेव्हर डोळे मिटून म्हणाला.

मी नुकतीच कुठे पाठ टेकली होती. दाराशी बूट काढून, आधी गुडघा, मग दुखरा खुबा, मग उरलेली मी, अशी हप्त्याहप्त्यानं त्या पलंगावर चढले होते.

"अरे, आत्ताच तर आले!"

कानातलं यंत्र काढून त्यानं शर्टाच्या खिशात ठेवलं होतं. ते काढलं की माझ्या नवऱ्याच्या उशाशी बँड वाजवला तरी त्याला पत्ता लागत नाही. मी तणतणत उठले, पलंगाला वळसा घालून त्या चिमुकल्या स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिले. ट्रेव्हर बराच वेळ तसाच पडून राहिला. मग त्यानं एक डोळा उघडला, शेजारी मी नाही असं बघितलं आणि त्याचं तोंड कडू झालं.

"नको," तो म्हणाला. "ही नको."

"का नको?" मी विचारलं. यंत्र कानात जाईपर्यंत मला तेच तीनदा विचारावं लागलं. "यात काय वाईट आहे, ते तरी सांग!"

"पडदे," ट्रेव्हर म्हणाला.

पडदे! वीस मिनिटं आडवा पडून या माणसाला पडदे खुपले.

दुकानातला विक्रेता क्रेग बाहेर पायरीपाशी वाऱ्यात कुडकुडत उभा होता. चाळिशीचा, गोड बोलणारा माणूस. सकाळपासून तो आम्हाला एकेका कॅरॅव्हानमध्ये, गाडीमागे ओढायच्या त्या चाकांवरच्या घरात, शिरवत होता आणि आम्ही एकेकीतून नाक मुरडत बाहेर पडत होतो. आम्ही म्हणजे ट्रेव्हर. मला तर पहिलीच पसंत होती. पलंग मधोमध, दोन्ही बाजूंनी उतरायला जागा, आणि बाथरूम चार पावलांवर. माझ्या वयाच्या बाईला आणखी काय हवं?

आमची जुनी कॅरॅव्हान आम्ही तीस वर्षं गाडीमागे बांधून हिंडवली. व्हिटबी, स्कारबरो, एकदा पार स्कॉटलंडपर्यंत. त्या कॅरॅव्हानला कायमचा पलंग नव्हता. रोज रात्री टेबल मोडायचं, दोन बाकांच्या मध्ये फळ्या ओढायच्या, त्यावर सहा गाद्या जुळवायच्या, आणि सकाळी चहाला बसायचं तर हा सगळा संसार पुन्हा आवरायचा. ते काम माझं. ट्रेव्हर तेवढ्यात पाणी आणायला म्हणून जायचा आणि नळावर गप्पा छाटत बसायचा. गाद्यांच्या फटी अशा, की एकानं कूस बदलली की दुसरा उचलला जायचा. सुट्टीहून परत येताना माझी कंबर बोलायची आणि हा म्हणायचा, "काय झोप लागते नाही तिथं!"

गेल्या हिवाळ्यात मी घरी बाथरूममध्ये घसरून पडले आणि खुबा मोडला. पहाट व्हायची होती. ट्रेव्हर भिंतीपलीकडे झोपला होता. मी हाका मारल्या, दात घासायचा मग भिंतीवर आपटला, शेवटी रडलेसुद्धा. तो सात वाजता नेहमीसारखा माझा चहा घेऊन वर आला, तेव्हा मी त्याला सापडले.

आमच्या खोल्या वेगळ्या आहेत. त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण आम्ही ते कुणाला सांगतही नाही. ट्रेव्हरनं गूलजवळच्या रेल्वे फाटकावर सिग्नलच्या केबिनमध्ये जन्म काढला. रात्रपाळी करून सकाळी घरी यायचा आणि झोपायचा. मला शाळेच्या स्वयंपाकघरात सातला हजर व्हायचं असे. एकमेकांची झोपमोड नको म्हणून त्यानं मागची खोली घेतली. पुढे त्याची पाळी संपली, माझी शाळा संपली, खोल्या तशाच राहिल्या. एका पलंगावर आम्ही झोपायचो ते फक्त कॅरॅव्हानमध्ये, कारण तिथं दुसरी खोलीच नव्हती.

आणि त्या पडण्याबद्दल हा माणूस आजवर एक अक्षर बोललेला नाही. तेव्हा तो चहाचा कप हातात धरून बाथरूमच्या दारात नुसता बसला होता. रुग्णवाहिकेतली माणसं आली तेव्हा त्यांना म्हणाला, "चहा गार झालाय. दुसरा करून देतो." मी स्ट्रेचरवरून ते ऐकलं. नंतर हॉस्पिटलात रोज यायचा, द्राक्षं आणायचा, ती स्वतःच खायचा, आणि मिठाची गुळणी धरून बसायचा. घरी आल्यावर दोन-तीनदा पहाटे मला जाग आली, तर हा माझ्या दारात उभा. मी ओरडले, "भुतासारखा काय उभा राहतोस? मरायचं असेल तर माझी मी मरेन, तू घाबरवून मारू नकोस!" तेव्हापासून येणं बंद झालं.

म्हणून मी अट घातली होती. कायमचा पलंग असेल तर कॅरॅव्हान, नाहीतर यापुढे मी आणि माझी बाग. ट्रेव्हर लगेच हो म्हणाला, तिथंच मला संशय यायला हवा होता.

"ही बघा आता," क्रेग पुढच्या कॅरॅव्हानमध्ये शिरत म्हणाला. "ही पाहिल्यावर साहेब नाही म्हणणारच नाहीत." त्यानं आपला चहाचा कागदी कप काठोकाठ भरलेला तसाच गादीवर मधोमध ठेवला. "मॅडम, बसा शेजारी. जोरात बसा. घाबरू नका."

मी बसले. चांगलीच बसले, आणि माझं वजन काही कमी नाही. कपातला चहा जागचा हलला नाही.

"बघितलंत? एक उठून गेला तरी दुसऱ्याला कळत नाही," क्रेगची छाती फुगली. "नवरा-बायकोच्या भांडणाचं मूळच गेलं!"

मी हसले. ट्रेव्हर त्या कपाकडे बघत राहिला.

"खरंच कळत नाही," तो म्हणाला, आणि झोपून न बघताच खाली उतरला.

जेवायला आम्ही आमच्या गाडीत बसलो. वाऱ्यानं गाडी डुलत होती. मी हॅम आणि लोणच्याचे सँडविच बांधून आणले होते, ते त्याच्या मांडीवर जवळजवळ आदळलेच.

"तुला जायचंच नाहीये ना कुठे?" मी म्हणाले. "तसं सांग. त्या बिचाऱ्याच्या आणि माझ्या डोक्यावर मिरे वाटू नकोस."

"जायचंय."

"मग घोडं अडलंय कुठं? एकीचे पडदे, एकीचा वास, एकीच्या दिव्याचं बटण! तिसरं दुकान आहे हे, ट्रेव्हर. लोक घरं घेताना एवढं बघत नाहीत."

"पलंग बरोबर नाहीत."

"पलंगांना काय धाड भरलीय? तुझं काय होतंय? तुला झोप लागली की जग बुडालं तरी चालतं!"

तो चावता चावता थांबला. मग त्यानं राहिलेलं सँडविच पुन्हा कागदात गुंडाळलं, नीट घडी घालून. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. तो काचेतून बाहेर बघत म्हणाला, "ती कडेची कोणती?"

"आज काही ठरलं नाही, तर मी पुन्हा येणार नाही," मी म्हणाले. "लिहून ठेव. तू आणि तुझी कॅरॅव्हान, जा एकटा व्हिटबीला."

कडेची ती जुनी होती, कुणीतरी नवी घेताना बदल्यात दिलेली. क्रेग दाखवायलाच तयार नव्हता.

"साहेब, ही तुमच्यासाठी नाही. यात फ्रेंच पलंग आहे. एका बाजूला भिंत, म्हणजे भिंतीकडच्या माणसाला उतरायचं तर दुसऱ्याला ओलांडूनच. तरुण जोडपी घेतात, स्वस्त पडते म्हणून. आणि जायला वाट राहावी म्हणून बाहेरच्या बाजूचा पायाकडचा कोपरा कापलेला असतो. तुमच्यासारख्या उंच माणसाचे पाय कुठे जाणार?"

"बघू तर," ट्रेव्हर म्हणाला.

आतला पलंग मी पाहिला आणि तिथंच हात टेकले. एका अंगाला भिंत आणि खिडकी, दुसऱ्या अंगाला बोळ, आणि त्या बोळासाठी पलंगाचा कोपरा सुरीनं पाव कापावा तसा उडवलेला. ट्रेव्हरनं बूट काढले, यंत्र खिशात टाकलं.

"तू भिंतीकडे," तो मला म्हणाला.

"मी? माझा खुबा—"

ऐकायला होतंच कोण! मी रांगत रांगत भिंतीकडे गेले, तो बाहेरच्या बाजूला लांब झाला, आणि डोळे मिटून म्हणाला, "आता ऊठ."

मग जे झालं ते आमच्या वयाला शोभणारं नव्हतं. मी त्याच्या पोटावर हात रोवला, गुडघा पलीकडे टाकायला गेले, तो त्याच्या बरगडीत बसला, माझा झगा त्याच्या पट्ट्यात अडकला, आणि मी त्याच्यावर आडवी पडले. ट्रेव्हर "आई गं!" करून ओरडला. आणि मग हसायला लागला. त्या हिवाळ्यापासून तो हसलेला मी पाहिला नव्हता.

"हीच," तो म्हणाला. "हीच घ्यायची."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्यावरून घसरत खाली बोळात उतरले आणि तोंडाचा पट्टा सोडला. "रात्रीतून दोनदा उठावं लागतं मला! मोडक्या खुब्यानं तुझ्या पोटावरून डोंगर चढू का? सगळ्या जगात तुला हाच पलंग सापडला? दर वेळी तुला जागं केल्याशिवाय मला साधं बाथरूमलासुद्धा जाता येणार नाही!"

तो माझ्या ओठांकडे बघत होता. ओठ वाचायला तो थोडं शिकलाय, आणि शेवटचं वाक्य त्याला नेमकं कळलं.

"हो," तो म्हणाला. "जाता येणार नाही."

मी बोळातल्या कपाटाला धरून उभी राहिले.

"त्या बाकीच्या पलंगांवरून तू उठून गेलीस, डोरीन. प्रत्येक वेळी. मी डोळे मिटून वाट बघत होतो, मला एकदाही कळलं नाही." स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो मोठ्यानं बोलत होता. बाहेर क्रेगला सगळं ऐकू जात असणार. "माझ्या केबिनवरून एक गाडी माझ्या नकळत गेली नाही. मालगाडी नाही, रिकामं इंजिन नाही. आणि तू भिंतीपलीकडे पडलीस. मी झोपलो. उठलो. दाढी केली खालच्या मोरीवर. पाव भाजला, डोरीन. आधी माझा पाव खाल्ला, आणि मग तुझा चहा वर आणला."

मला त्याच्याकडे बघवेना म्हणून मी खाली बघितलं. त्याचे पाय त्या कापलेल्या कोपऱ्याबाहेर घोट्यापासून अधांतरी लोंबत होते. राखाडी मोजे, एकाचा अंगठा मी मागेच रफू केलेला. अख्खी रात्र ते असेच थंडीत राहणार होते, आणि ते त्यानं आधीच बघून ठेवलं होतं.

इतके महिने मी या माणसाला दगड म्हणत होते. मैत्रिणींपाशी, बहिणीपाशी, त्याच्या तोंडावर. मला स्वतःची शरम वाटली, आणि त्याचा रागही आला. एवढंच सांगायला एवढे दिवस लागतात?

क्रेगनं दारातून हळूच डोकं घातलं. "मॅडम, मग... ती पहिलीच परत बघायची का?"

"नको," मी म्हणाले. "आम्ही अजून झोपून बघतोय."

तो गेला. मी अंगातला कोट काढून ट्रेव्हरच्या पायांवर टाकला आणि त्याच्यावरून परत भिंतीकडे गेले. या वेळी त्यानं कोपराला आधार दिला, त्यामुळे बरगडी वाचली. त्यानं बाहीनं नाक पुसलं आणि डोळे मिटले. वारा खिडकीवर आपटत होता, तो मला एकटीलाच ऐकू येत होता.

थोड्या वेळानं मी अगदी सावकाश, जराही धक्का लागू न देता, एक गुडघा उचलला.

"कुठे निघालीस?" ट्रेव्हर डोळे न उघडता म्हणाला.

यंत्र त्याच्या खिशात होतं. उत्तर देऊन उपयोग नव्हता. मी गुडघा परत खाली ठेवला.