महिपतमामाचा थंडा

पदमी पंगतीला बसली की आशाबाईचा जीव टांगणीला लागायचा. पुरीचा एक घास पोटात गेला, तरी पोरगी पुढं दोन दिवस पोट धरून कण्हत राहायची. हैदराबादच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी हिंदीत बजावलं होतं, "गेहूँ और जौ बिल्कुल बंद." आता तामसीकडच्या शेतकऱ्याला जौ म्हणजे काय ते कोणी समजावून सांगायचं? जौ म्हणजे जवारी, दुसरं काय! आशाबाईच्या नवऱ्यानं, भगवानरावांनी, घरी येताच लेकीच्या ताटातली भाकर बंद केली. ज्या अंगणात दरवर्षी जवारीची रास पडायची, त्या घरची अकरा वर्षांची लेक नुसत्या भातावर आली, अन् वाळून काडी झाली.

वांकिडीला आशाबाईच्या भावाकडं, महिपतच्या घरी लग्न निघालं. महिपत म्हणजे मोठ्या आवाजाचा अन् त्याहून मोठ्या मनाचा माणूस. भात अजून शिजायचा होता; भाची मांडवात रिकाम्या पानावर बसलेली पाहून त्याचा पारा चढला.

"माह्या पोरीच्या लग्नात माही भाची उपाशी? लोक थुंकतील ना माह्या तोंडावर! भाकर नाय, पुरी नाय, मंग थंडा तरी पिऊ दे. त्यात कुठचा गहू? पानी, साखर अन् ग्यास!"

"साधा लिंबाचा, संत्र्याचा थंडा चालते दादा," आशाबाई म्हणाली. "पन बाटलीवरचं वाचल्याबिगर घोट घेऊ नोको, असं डाक्टरनं सांगितलं हाय."

"मंग वाचून पी!" महिपतनं भाचीसाठी म्हणून चंद्रपुरावरून खास मागवलेली सोनेरी बाटली पुढं केली. थंडगार, वरून घाम सुटलेली. सगळी पोरं टकामका पाहायला लागली. पदमीनं बाटली हातात घेतली, फिरवली, बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. तोंडाला पाणी सुटलेलं आशाबाईला दिसत होतं, पण पोरीनं बाटली हळूच खाली ठेवली.

"मामा, यात जौ हाय."

मांडवात हशा पिकला. "जवारीचा थंडा! वा रे महिपतराव!" कोणीतरी ओरडलं. महिपतचा चेहरा पडला. पण आशाबाईची छाती फुगली होती. एवढ्याशा पोरीनं जिभेवर केवढा ताबा ठेवला! असा ताबा मोठ्या माणसाला जमत नाही. मी जन्म दिलाय हिला, मी! तिनं कौतुकानं ती बाटली उचलली अन् वरच्या चित्राकडं तिची नजर गेली. लांब लांब कुसळांची एक लोंबी काढली होती. जन्मभर शेतात राबलेली बाई ती, पाहताच थबकली.

"दादा, हे जवारी नोय."

"काऊन वो?"

"अवो, ह्याले मिशा पाहा केवढ्या! आपल्या जवारीचं कनीस असं रायते का? हे तं गव्हाच्या जातीचं कायतरी हाय." बोलता बोलता तिनं बाटली नवऱ्यापुढं धरली. "मंग जौ म्हंजे... जवारी नाय?"

महिपतनं खिशातला मोबाईल भगवानरावांच्या हाती कोंबला. डॉक्टरांचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. महिपतनं स्पीकर लावला. पलीकडून डॉक्टरांचा आवाज सगळ्यांनी ऐकला, "ज्वार? अरे भाई, ज्वार तो खूब खिलाइए! जौ अलग अनाज है, जिसे आप लोग सातू कहते हैं. बस, पिसाई में गेहूँ का आटा न मिले."

आशाबाई लेकीपाशी जाऊन बसली. "दोन वर्सं, वो माय! दोन वर्सं मी माह्या हातानं लेकीच्या तोंडची भाकर काढली!" ती ढसाढसा रडली. भगवानरावांची मान वर होईना. मग पदर डोळ्यांवरून फिरवून ती तशीच उठली.

"दादा, जवारी काढ. घरची."

"चक्की बंद हाय आज."

"चक्कीत गहू दळतात, ती कायले पाह्यजे? जातं हाय ना!"

मांडवात जातं मांडलेलंच होतं, लग्नाची हळद दळलेलं. एरवी ते माळ्यावर पडून असे, गव्हाचा दाणा त्यानं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. आशाबाईनं ते ओल्या फडक्यानं पुसलं, पदर खोचला अन् दळायला बसली. महिपतच्या बायकोनं, ताराबाईनं, नवरीच्या आंदणातला कोरा तवा बिनदिक्कत काढून दिला. कितीही पुसलं तरी जात्याच्या खाचांत हळद राहिलीच होती. भाकर पिवळसर झाली, टम्म फुगली.

महिपतनं ती स्वतः वाढली, पंगतीच्या मधोमध बसलेल्या भाचीला. सोबत संत्र्याचा थंडा, लेबल वाचून घेतलेला.

"हे कोनतं पक्वान्न वो, महिपतराव?" शेजारच्या पाहुण्यानं विचारलं.

"हळदीची भाकर! माह्या बहिनीनं कनीस वळखलं, माह्या भाचीनं बाटली वाचली. बाकीच्यायले नाय भेटत!" महिपतचा आवाज पुन्हा सगळ्या मांडवात घुमला.

पदमीनं पहिला तुकडा मोडला. पुष्कळ वेळ चावला. आशाबाई समोर उभी राहून प्रत्येक घास पाहत होती, हाताला पीठ, नाकाला हळद.

"आई," पोरगी भरल्या तोंडानं म्हणाली, "उद्या पन देशीन?"

"रोज," आशाबाई म्हणाली. "रोज देईन, माय."