तांदळाएवढं लाकूड

मी क्लॅरिनेट. सुताराच्या कारखान्यात, खिडकीखालच्या फळीवर, खिळ्यांच्या डब्याशेजारी पडून बोलतोय. घाई असेल तर खुशाल पुढे जा, बाबांनो. मला सावकाश बोलायची सवय आहे. माझ्यात फुंकर शिरली की सगळं अंग फिरून येते, तेव्हा कुठे आवाज निघतो.

रंगानं मी काळा. पाच तुकडे जोडून उभा राहतो : तोंड, मान, धडाचे दोन भाग आणि खाली घंटेसारखा पाय. अंगभर बोटांनी दाबायच्या पांढऱ्या चकचकीत चाव्या आहेत, फक्त एक पिवळी. ती पितळेची. मूळची तुटली तेव्हा सुतारानं तीन संध्याकाळ कानशीनं घासून ती बसवली. नवीन माणूस पहिल्यांदा तिच्याकडेच बोट दाखवतो, "ही एक अशी का हो?" मला त्या चावीचा भारी अभिमान. बाकीच्या चाव्या साच्यातून आल्या, ही माझ्यासाठी म्हणून झाली.

माझं लाकूड इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडेल. ज्या कारागिरानं मला घडवलं, तो लाकडाचे ठोकळे आणून सात वर्षं नुसते माळ्यावर ठेवून द्यायचा. लोक म्हणायचे, "अहो, करा की आता काहीतरी." तो म्हणायचा, "आधी त्याचं रडून होऊ दे. ओलं लाकूड खोटं गातं."

मान त्यानं सगळ्यात शेवटी केली. मान म्हणजे तोंडाखालचा बोटभर तुकडा. दिसायला काहीच नाही, पण माझा सूर कुठे बसणार ते त्याच्या लांबीवर ठरतं. तीनदा मोजली, वाजवून पाहिली, पुन्हा मोजली. मग म्हणाला, "झाली. आता हिला करवत लावू नये कुणी." तेव्हा मला वाटलं, म्हातारा उगाच बोलतोय. मानेला करवत कोण कशाला लावेल?

माझे पहिले मालक सुताराचे मामा. नाटकगृहात पडद्याच्या पुढे, खाली बसून ते मला वाजवायचे. पुढे त्यांचे दात हलायला लागले, आणि माझं काम दातांवर चालतं. एक दिवस त्यांनी भाच्याला बोलावलं. भाचा तेव्हा दारं-खिडक्या करायला नुकताच लागला होता. मामा म्हणाले, "तुला सूर कळतो की नाही, देव जाणे. पण लाकूड कळतं. सांभाळशील."

सांभाळलं त्यानं. इतकं सांभाळलं की नऊ वर्षं कपाटाच्या वरून खालीच काढलं नाही! पेटीत बसून मी फक्त घराचे आवाज ऐकले. लग्न झालं, भांडी वाढली, शिवणयंत्र आलं. शेवटी त्याच्या बायकोनं खुर्ची ओढून मला खाली काढलं आणि नवऱ्यापुढे ठेवलं.

"अहो, हे वाजवणार असाल तर वाजवा. नाहीतर पेटी मला द्या, विणायच्या सुया ठेवते."

त्या बाईनं मला वाचवलं. पहिल्या दिवशी माझ्यातून जे निघालं ते ऐकून शेजारीण मांजर शोधत अंगणात आली होती, ते सोडा. पण सुताराचा हात धीराचा. रोज जेवणाच्या सुट्टीत, लाकडाच्या भुशात बसून, एकच सूर तो घासत राहायचा, जसा रंधा मारावा तसा. दोन वर्षांत माझा आवाज मऊ झाला, आणि गावच्या बँडमध्ये आमची भरती झाली.

बँडचा सराव दर शनिवारी दुपारी, अग्निशमन केंद्राच्या वरच्या खोलीत. खाली लाल बंब उभे, जिन्यात पाण्याचे लांबलचक पाइप वाळत टाकलेले. खोलीचं दार फरशीला घासायचं आणि असं किंचाळायचं की कोण आलं, कोण गेलं ते सगळ्या इमारतीला कळावं. "सुतारदादा, बँडमध्ये सुतार असून दाराची ही दशा?" असं कुणी म्हणालं की आमचा सुतार हसायचा. "करतो हो एकदा." लोकांची दारं नीट करता करता हे राहूनच गेलं.

त्या वेळचे मास्तर म्हणजे निवृत्त पोस्टमन. सगळे जमले की ते काठी वर करायचे आणि म्हणायचे, "आधी सुताराला ऐका." मग सुतार माझ्यातून एक लांब सूर काढायचा आणि बाकीचे अकरा जण आपापली वाद्यं त्या सुराला आणून मिळवायचे. पितळेची एवढाली धुडं, पण माझ्या एका सुराशी येऊन नीट उभी राहायची. वीस वर्षं हा मान मी मिरवला. खोटं कशाला बोलू?

मग एकाच्या जागी तुरेवाला आला. बंब चालवणारा, केस कायम उभे, म्हणून तुरेवाला. ट्रंपेट वाजवायचा, आणि उत्तम वाजवायचा. त्यात मी काही कमी सांगणार नाही. पण त्याला सगळ्यांत मिसळणं मंजूर नव्हतं. ट्रंपेटला एक सरकती नळी असते. बाहेर ओढली की सूर उतरतो, आत ढकलली की चढतो. जो किंचित चढा वाजवतो तो लोकांच्या कानात आधी शिरतो. तुरेवाल्यानं ती नळी हळूच आत ढकलली. शेजारच्यांना आपण खाली पडलोय असं वाटलं, त्यांनीही आपापल्या नळ्या ढकलल्या. की हा आणखी थोडा वर. असं करत करत वर्षभरात सगळा बँड टाचा उंचावून चालायला लागला.

पोस्टमन मास्तर मुलीकडे राहायला गेले, आणि नवे मास्तर आले ते तुरेवाल्याचे मेहुणे. त्यांचं चष्म्याचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकांना विचारायचे, "आता नीट दिसतं का?" नीट ऐकू येतं का, हे मात्र त्यांनी बँडमध्ये कुणाला विचारलं नाही. पहिल्याच शनिवारी म्हणाले, "आजपासून सूर ट्रंपेट देईल."

माझी मान धडावर घट्ट बसवली तरी मी त्या सुराला पोहोचेना. मला खाली उतरता येतं, मान थोडी सैल केली की झालं. वर जायला मात्र जागा नाही. मी जेवढा आहे तेवढा आहे.

"सुतारदादा, तुम्ही खाली आहात," मास्तर म्हणाले.

"मी होतो तिथंच आहे, मास्तर. बाकीचे वर गेलेत."

"अकरा चुकले आणि एक बरोबर? व्वा!" तुरेवाला म्हणाला. "दादा, तुमच्या त्या नळकांड्याला वाळवी लागली असेल, बघा."

"या लाकडाला वाळवी लागत नाही रे बाबा. दात पडतात तिचे."

मोठा ढोल वाजवणारा बेकरीवाला, त्याला सगळे पिंप म्हणायचे, तो तेवढा खो खो हसला. तुरेवाल्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं हसू गिळलं. तेव्हापासून दर शनिवारी हेच. आमची खुर्ची मागच्या रांगेत गेली. नवीन चाल बसवायची असली की तिचे कागद आम्हाला शेवटी मिळायचे. कधी कधी सुतार जिना चढत असायचा आणि वरच्या गप्पा एकदम थांबायच्या. माणसाला असं थांबणं ऐकू येतं, आणि मलाही.

सुतार सगळं सोसत होता त्याला कारण होतं. बागेत बँडसाठी नवा गोल चौथरा बांधला होता. त्याचा लाकडी कठडा सुतारानंच केला होता, एकेक दांडा हातानं गोल करून. चौथऱ्यावरच्या पहिल्या कार्यक्रमासाठी जी चाल बसवायची होती, तिची सुरुवात नुसत्या क्लॅरिनेटची. बाकी सगळे गप्प आणि मी एकटा. वीस वर्षांत अशी संधी आली नव्हती. आपण केलेल्या कठड्याआड उभं राहून आपण सुरुवात करायची, एवढीच त्याची इच्छा. बायकोला त्यानं ते तीनदा सांगितलं होतं, आणि तिन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं तिनं ऐकलं.

कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी मास्तरांनी निकाल दिला.

"त्या मानेतलं थोडं कापा. तांदळाएवढं. लाकूड कमी झालं की सूर चढेल. तुम्ही तर दिवसभर लाकूडच कापता, तुम्हाला काय जड आहे? पुढच्या शनिवारपर्यंत करून आणा. नाहीतर सुरुवात ट्रंपेटवर घेऊ."

सुतारानं आधी मला वाचवायचा प्रयत्न केला. दुसऱ्या लाकडाची आखूड मान करून बसवली. वाजली ती, पण मी दुसऱ्याचे दात लावून बोलतोय असं वाटत होतं. त्यानं ती काढून ठेवली.

शुक्रवारी दुपारी त्यानं माझी मान शिकंज्यात धरली. कापड गुंडाळून, अलगद. टोकदार सुरीनं कडेपासून तांदळाएवढं अंतर धरून गोल रेघ ओढली आणि बारीक दातांची करवत हातात घेतली. मला त्या म्हाताऱ्या कारागिराचं बोलणं आठवलं. ओरडावं म्हटलं तर तोंड वेगळं, धड वेगळं. कसा ओरडणार?

तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली. शिकंज्याकडे पाहून दारातच थांबली.

"हे काय चाललंय?"

"तांदळाएवढं कापायचंय. मग त्यांच्या सुराला जाईल."

"आणि हे तसंच गोड वाजेल?"

सुतारानं कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा खोचली. "नाही. मानेजवळचे सूर जास्त चढतील, पायाकडचे कमी. याच्या याच्यातच भांडण लागेल."

"बरं. आणि पुढच्या वर्षी ते आणखी चढले तर?"

"तर... आणखी थोडं."

"मग शेवटी शिट्टीच उरेल की हो हातात!"

सुतार हसायला लागला, हसता हसता थांबला. करवत खिळ्याला टांगली. शिकंजा सैल केला. चहा पूर्ण पिऊन झाल्यावर म्हणाला, "मग सुरुवात हुकली, म्हणायची."

"सुरुवात हुकेल. तुम्ही नाही हुकणार," असं म्हणून ती कप घेऊन गेली.

शनिवारी आम्ही गेलो. पेटीबरोबर सुतारानं रंधाही घेतला होता. दार किंचाळलं, सगळ्यांनी वळून पाहिलं.

"कापलं का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही मास्तर. एक मागणं आहे. तुम्ही सगळे आपापल्या नळ्या तांदळाएवढ्या बाहेर ओढा. तुमचं ओढलेलं पुन्हा आत जातं. माझं कापलेलं पुन्हा येत नाही. एकदा करून बघा, चांगलं नाही वाटलं तर मी गप्प बसेन."

पिंपानं आपल्या बुटांकडे पाहिलं. बासरीवाल्या बाईंनी चष्मा पुसला. कुणी तरी नळीला हात लावेल म्हणून मी वाट पाहिली. कुणी नाही लावला.

"एका सुतारासाठी सगळ्या बँडनं खाली यायचं?" तुरेवाला म्हणाला. "उद्या म्हणाल, बंबही हळू चालव."

"नको रे बाबा. बंब जोरातच चालव," सुतार म्हणाला. "मी निघतो. आजपासून बँडमध्ये नाही."

इतकं साधं बोलला तो. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. टोपी काढून खुर्चीवर ठेवली, चालींचे कागद सरळ करून तिच्यावर ठेवले. मग शर्टाच्या बाह्या सारल्या, पिंपाला म्हणाला, "जरा धर रे," आणि दार बिजागरीतून उतरवलं. बारा जणांचा बँड अकरा झाला होता, आणि ते अकराही जण उभे राहून एका माणसाला दाराची खालची कड रंधताना बघत होते. लाकडाच्या पातळ कुरळ्या साली फरशीवर पडत होत्या. वीस वर्षं राहिलेलं काम पंधरा मिनिटांत झालं. दार बसवलं, भुसा गोळा केला आणि आम्ही बाहेर पडलो.

दार आमच्या मागे मिटलं. काहीही आवाज न करता.

मी पेटीत होतो, पण सांगतो, त्या जिन्यावरून मी इतका ताठ कधी उतरलो नव्हतो.

कार्यक्रम झाला. सुताराची बायको बघायला गेली होती, मुद्दाम. परत आल्यावर सुतारानं विचारलं, "कसा झाला?"

"चांगला वाजवला त्यांनी. लोकांनी टाळ्या वाजवल्या," ती म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही.

"वाजवणारच. हात चांगले आहेत त्यांचे." पेटी जवळ ओढत त्यानं विचारलं, "आणि कठडा?"

"कठड्याला टेकून एक म्हातारा शेवटपर्यंत उभा होता. हलला नाही कठडा."

सुताराचा चेहरा असा उजळला की विचारू नका. त्यानं मला पेटीतून काढलं, तुकडे जोडले, बाकावर बसला आणि ती सुरुवात वाजवली, वीस वर्षं थांबलेली. तिनं पदरानं शिवणयंत्रावरची धूळ झटकली आणि तिथंच बसून राहिली. ऐकायला ती एकटीच होती. चौथऱ्यावर वाजलो असतो तर याहून चांगला वाजलो असतो का? नसतो.

आता आम्ही रोज जेवणाच्या सुट्टीत वाजतो. पिंप कधी कधी पावाचा रिकामा ट्रे घेऊन येतो आणि त्यावर ठेका धरतो. तिकडची बातमी तो सांगत नाही, आम्ही विचारत नाही. माझं वय झालंय, सांध्यांवरची बुचं सैल पडलीत, थंडीत जरा खोकतो. पण मान शाबूत आहे. सुरीची ती गोल रेघ अजून तिच्यावर आहे. सुतार ती घासून, तेल लावून घालवू शकला असता. नाही घालवली. रोज पुसताना अंगठा तिथं एकदा थांबतो.

तुम्हाला एकच सांगणं. कुणी सुरात बसत नाही असं वाटलं, तर त्याला कापायला सांगायच्या आधी आपली नळी तांदळाएवढी बाहेर ओढून बघा. तिला काही दुखत नाही.

चला, भोंगा वाजला. जेवणाची सुट्टी झाली. सुतार हात पुसतोय.