फाटकापर्यंत गेलेला आवाज

खजूर भरलेली रव्याची वळी अल्जियानं सुरीनं तिरपी कापली, मक्रूतचे तुकडे कढईत सोडले आणि हात पुसत म्हणाली,

"वाच पुढं. ऐकतेय मी."

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिची लेक वसीला विद्यापीठाच्या सुवर्णमहोत्सवी इतिहासाची मुद्रितं तपासत होती. फ्रेंच फौजेनं सोडलेल्या बराकीतले साठ विद्यार्थी, मग टेकडीवरची इमारत, आता चाळीस हजार. कुलगुरूंच्या नावांपाशी आईला जांभई आली.

"छत गळायचं ते कुठाय? निम्म्या वर्गांत माझ्याच बादल्या असायच्या."

"तू आहेस, यम्मा. सत्तेचाळिसाव्या पानावर."

विद्यापीठातल्या पहिल्याच प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, तो लिहिणाऱ्या मुलाच्या घरचं कुणीच आलं नव्हतं. निकाल लागला आणि खोली गप्प राहिली. तेव्हा दाराशी फरशी पुसणाऱ्या अल्जियानं बादली खाली ठेवली आणि लग्नघरात बायका घालतात तशी, जीभ नाचवत, लांबलचक किलकारी घातली.

"पहारेकरी आग लागली म्हणून धावत आला, मेला. तेही लिही."

तेव्हापासून ज्याचं कुणी आलं नाही त्याच्यासाठी ती दाराशी उभी राहायची, निवृत्त झाल्यावरही. उद्या तमनरासेतच्या मसऊदाची परीक्षा होती. एवढ्या लांबून, वाळवंट ओलांडून तिचं कोण येणार? तिच्यासाठीच मक्रूत तळणं चाललं होतं.

"आणि तुझ्या प्रबंधाच्या वेळचं?" अल्जियानं पाठमोरंच विचारलं.

वसीलानं पेन्सिल उचलली आणि परत ठेवली.

"ते कशाला?"

"लोक विचारतात. मी सांगते, माझ्या लेकीच्या वेळी आवाज पार फाटकापर्यंत गेला. तसंच लिही."

"यम्मा, पण त्या दिवशी..."

"लिही गं. मक्रूत करपतील, मला बोलायला लावू नकोस."

वसीलानं लिहिलं. आईनं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या नमाजाला बसलेली अल्जिया चटईवरून उठलीच नाही.

परीक्षा तीन आठवडे पुढं गेली. परीक्षक मंडळाची अध्यक्ष वसीलाच होती. भिंतीजवळच्या टेबलावर मक्रूतचा डबा होता, तोच. टाकायला तिचा हात धजला नव्हता.

तिनं निकाल वाचला. मसऊदा उभी राहिली, ओढणीचं टोक मुठीत धरून. टाळ्या झाल्या नाहीत. सगळ्यांच्या माना सवयीनं मागच्या दाराकडं वळल्या आणि तशाच राहिल्या.

शेजारी बसलेल्या लखदरसरांनी घसा खाकरला. त्यांच्यासमोर नुकताच छापून आलेला इतिहास होता.

"मावशी नाहीत आज. निदान त्यांचं पान तरी वाचू या." त्यांनी चष्मा सारखा केला. "'आणि स्वतःच्या लेकीच्या वेळी तर अल्जियाबाईंचा आवाज फाटकापर्यंत ऐकू गेला.'" पुस्तक मिटून ते हळूच म्हणाले, "नशीबवान आहात, बाई."

वसीलानं मान डोलावली नाही. आई हे सांगायची तेव्हा इतकी वर्षं ती डोलावत आली होती.

"ते खोटं आहे," ती म्हणाली. मसऊदानं वर पाहिलं. "राजधानीहून परीक्षक आले होते. मी यम्माला वर येऊ नकोस म्हटलं. निकाल लागला तेव्हा ती खाली जिन्याशी होती, बादली घेऊन. मला तिची लाज वाटली होती."